आजींनी लावलेलं कुंकू

दिवाळीला सगळं सामान घेऊन घरी जायचं की नुसती पिशवी, एवढाच प्रश्न होता. वडिलांनी वर्ध्याहून फोनवर बजावून ठेवलं होतं, "पर्मनंट नाही केलं त सामान घेऊनच ये. एक पोरगा पाहून ठेवला हाये." डिप्लोमा झाल्यावर मी हट्टानं पुण्याला आले होते. धायरीत तिघींच्या खोलीत एक कॉट मिळवली आणि जवळच्याच एका वर्कशॉपमध्ये तपासनीस म्हणून लागले. दिवाळीपर्यंत माझं काम बघायचं आणि मग ठरवायचं, असं मालक म्हणाले होते. मालक कधी ओरडत नसत. त्यांनी 'अहो' म्हटलं की समजायचं, आता आपली सालटी निघणार.

मशीनवरून आलेल्या पोलादी पिना मोजायच्या, हे माझं काम. त्यासाठी एक मास्टर असतो, म्हणजे अगदी बरोबर मापाचा नमुना. तो गेजखाली, म्हणजे काट्याच्या मापयंत्राखाली, उभा करायचा, काटा शून्यावर आणायचा आणि मग त्याच जागी एकेक पिन ठेवून बघायची. पिन जास्त भरली तर घासून घेता येते. कमी भरली की भंगार.

खंडेनवमीला मालकांच्या आई आल्या. मशीनं पुसून लख्ख केली होती, झेंडूच्या माळा घातल्या होत्या. आजींनी ताट घेऊन प्रत्येक मशीनला ओलं हळदकुंकू लावलं आणि माझ्या टेबलापाशी येऊन मास्टरलाही लावलं. मला फार बरं वाटलं. इथं आल्यापासून माझ्या कामाकडे कुणी इतक्या प्रेमानं बघितलं नव्हतं. निघताना मालकांनी सगळ्यांना सांगितलं, "आईनं लावलेलं कुणी पुसायचं नाही. आपोआप जाईल तेव्हा जाईल." सगळे हो म्हणाले, मीही म्हणाले.

दसऱ्याची सुट्टी संपली. सकाळी मास्टर ठेवून काटा शून्यावर आणला आणि लावलेली पहिलीच पिन कमी भरली. दुसरीही कमी, तिसरीही. मशीनवरच्या काकांना बोलावलं. काका धायरीचेच, बापजाद्यांची शेती तिथली. त्यांनी काट्याकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "पोरी, माझं मशीन बरोबर हाय. पुन्यांदा बघ."

पुन्हा बघितलं. कमीच. बाहेर माल न्यायला टेंपो उभा होता, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. हॉर्न ऐकून मालक आत आले.

"अहो, इतकी वर्षं आमचा माल कधी कमी भरला नाही," ते काट्याकडे बघत म्हणाले. "आपण आलात आणि कमी भरायला लागला. योगायोग दांडगा आहे."

भीती वाटत होती आणि त्याहून जास्त राग येत होता. माल तसाच पाठवला आणि गिऱ्हाइकानं परत केला तर माझं नाव. भंगारात काढला आणि चांगला निघाला तरी माझंच नाव. दोन्हीकडून दिवाळीला सामान बांधायचं होतं.

मग मला एक सुचलं. पूजेच्या आधी मीच मोजून पास केलेली एक पिन टेबलाच्या खणात होती. ती लावली. तीही तेवढीच कमी भरली.

म्हणजे पिना बिघडल्या नव्हत्या. मी मास्टर उचलून उलटा केला. बाजूला आजींच्या बोटाचा ठसा होता, आणि तिथून ओघळलेली हळद तळाशी जाऊन वाळली होती. नीट बघितल्याशिवाय दिसली नसती, इतका पातळ थर. त्या थरावर मास्टर उंच उभा राहिला होता आणि त्याच्यापुढे सगळ्या पिना बुटक्या ठरत होत्या.

कुंकू पुसायचं, तेही मालकांच्या आईनं लावलेलं, तेही त्यांच्यासमोर. क्षणभर वाटलं, काटा बिघडलाय म्हणून सांगावं आणि सुटावं.

"साहेब, हे पुसावं लागेल," मी म्हणाले.

"कुणी लावलंय, माहीत आहे ना आपल्याला?"

"हो. आजींनी."

"आणि मी काय सांगितलं होतं?"

"पुसायचं नाही म्हणून. पण मग मोजता येणार नाही."

काका जमिनीकडे बघत होते. मालकांच्या होकाराची वाट न बघता मी फडक्यावर स्पिरिट घेतलं आणि मास्टरचा तळ पुसला. गेजखालची जागाही पुसली. काटा पुन्हा शून्यावर आणला आणि पिन ठेवली.

काटा जागेवर आला. दुसऱ्या पिनेलाही आला, तिसरीलाही. काका मशीनकडे गेले.

मालकांनी मास्टर हातात घेऊन निरखला. "बाजूचं राहू दिलंत."

"ते मापात येत नाही."

त्यांनी मास्टर अलगद जागेवर ठेवला. "दिवाळीनंतर वेळेवर या. पुढच्या वर्षी आईला ताट कुठं न्यायचं, ते आपणच सांगा. माझं ऐकत नाही ती."

जेवणाच्या सुट्टीत मी घरी फोन लावला. "बाबा, दिवाळीला येते. पिशवी घेऊन."



"मंग मोठी पिशवी आन," ते म्हणाले. "जातानी फराळ न्या लागन."