आतड्याचं सारवण

माझी मुलगी आणि माझ्या धाकट्या जावेची मुलगी एकाच महिन्यात जन्मल्या. जव्हारच्या दवाखान्यात आमच्या खाटाही शेजारी होत्या. तिथूनच मी जावेवर जळायला लागले, हे आधीच कबूल करते. मी बारावी झालेली, खोडाळ्याजवळच्या आमच्या पाड्यावरची अंगणवाडी सेविका. ती चौथी शिकलेली, मजुरीला जाणारी. पण दूध तिला इतकं की पदर ओला व्हायचा, आणि मला चौथ्या महिन्यात टायफॉईड झाला नि माझं आटलं. तिची गुबगुबीत पोर पाहिली की माझ्या पोटात दुखायचं.

पाड्यावरच्या सगळ्या मुलांना दर महिन्याला झोळीच्या काट्यावर वजन करायचं, आकडा मोबाईलमध्ये भरायचा, हे माझंच काम. नवव्या महिन्यात जावेची पोर सव्वासात किलो भरली, माझी सहा किलो शंभर. बाया बघत होत्या. दुसऱ्यांच्या पोरांना पोषण शिकवणारीची पोर अशी? मी काट्यावर बोट ठेवल्यासारखं करून सहा-सहाशे असं मोठ्यानं वाचलं आणि तेच भरलं. पुढच्या महिन्यात माझ्या पोरीला पुन्हा पुन्हा जुलाब झाले, वजन आणखी उतरलं, तरी मी आकडा चढवलाच. अंडी, केळी, नाचणीची पेज, सगळं कोंबत होते. तिच्या अंगी काही लागत नव्हतं, आणि माझ्या नोंदीत मात्र ती बरी होती.

मग तपासणीला आरोग्य केंद्राच्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी स्वतः वजन केलं. पाच किलो सातशे. मोबाईल पाहिला, माझ्याकडे पाहिलं.

"हिचं कुपोषण मागच्या महिन्यातच पकडता आलं असतं," एवढंच म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

खायला तर एवढं घालते, मी रडत म्हटलं. त्या म्हणाल्या, आतड्याला आतून पातळ अस्तर असतं. ते दर काही दिवसांनी नवं होतं, आपण घर सारवतो तसं. आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींच्या नात्यातल्या पेशी तिथंच वस्तीला असतात. जंतूंशी भांडणं एवढंच त्यांचं काम नाही. कुठं उखडलंय ते ओळखून, भरून काढा म्हणून अस्तराला निरोप देणं हेही त्यांचंच. पण पाण्यातून रोज नवे जंतू गेले की या पेशी भांडणातच अडकतात, भांडणाची झळ अस्तरालाही लागते, आणि मग खाल्लेलं नुसतं वाहून जातं.

ओढ्याच्या वाळूत खणलेल्या झिऱ्याचं पाणी मी फडक्यानं गाळून पाजत होते. जाऊ उकळून पीत होती. ते मीच तिला शिकवलं होतं.

औषधं, उकळलेलं पाणी, थोडं थोडं खाणं, दर आठवड्याला तपासणी, असं सगळं ठरलं. आणखी उतरली तर जव्हारला भरती. आईच्या दुधानं या पेशींना बळ मिळतं, असंही डॉक्टरीणबाई सहज बोलून गेल्या. जाऊ दारातच उभी होती.

"ताई, आण इकडं तिला. माझ्याकडं दोघींना पुरंल."

मी नको म्हटलं. लगेच, विचार न करता. पोर वाळत चालली होती आणि मला तिच्या दुधाचा हेवा वाटत होता. डॉक्टरीणबाईंनी बाळंतपणातल्या तिच्या तपासण्यांचे कागद मागून पाहिले, ठीक आहेत, दुधातून पोरीला काही रोग जायचा नाही म्हणाल्या. मग माझ्याकडे कारण उरलं नाही.

पहिल्यांदा पोर तिच्या मांडीवर दिली तेव्हा मी भाकरी भाजायच्या निमित्तानं चुलीकडे तोंड करून बसले. पोर चुटूचुटू पीत होती ते ऐकू येत होतं.

दीड महिन्यात जुलाब थांबले, गाल भरले, सहा किलो नऊशे भरली. तो आकडा जसाच्या तसा भरला. बाया हसल्या, डॉक्टरीणबाईंनी माझी पाठ थोपटली. तेवढ्यात पोर रडायला लागली. मी तिला झोळीतून उचलून घेतलं. तिनं माझ्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं आणि जावेकडे झेप घेतली.

"घे गं," मी म्हटलं, आणि पोर तिच्याकडे दिली. पोर वाचली याचा आनंद माझाच होता, पण त्या क्षणी तो मला जावेच्या चेहऱ्यावर दिसला, आणि तेही मला सहन झालं नाही.