मामा आणि मामाचा आवाज

आमचा मामा घरी दिवसाला फार तर अकरा शब्द बोलतो, मामीनं मोजलेत. मीठ हवं असेल तर वाटीकडे नुसतं बघतो. पण नदीच्या वळणावर जे जुनं दुमजली घर आता संग्रहालय झालंय, तिथे पाऊल टाकलं की त्याला वाचा फुटते. बावीस वर्षं तो लोकांना ते घर दाखवतोय, तेही उलटा चालत. घराला पाठ दाखवेन, पाहुण्यांना नाही, असं त्याचं म्हणणं.

तिथला मामा असा: हनुवटी वर, आवाज बेंबीच्या देठापासून. "हे घर बांधलं एका घड्याळजीनं. दार बुटकं का? येणाऱ्यानं मान लववावी म्हणून." इथे कुणाचं तरी कपाळ चौकटीला लागतंच. मामा तेवढ्यासाठी थांबतो आणि मायेनं म्हणतो, "लागलं ना? आता जन्मात विसरणार नाही." मग हातभर जाडीच्या भिंती, नदीच्या वाऱ्याला अंग चोरून बसलेल्या खिडक्या, आणि जिन्याच्या वळणावरच्या रंगीत काचा. सकाळी दहाला तिथे उभं राहिलं की माणसाचं नाक निळं दिसतं.

नव्या व्यवस्थापकबाईंनी ठरवलं, यापुढे पाहुण्यांच्या कानाला हेडफोन. मामानं आपलं बोलणं रेकॉर्ड करून द्यायचं आणि स्वतः छत्र्या-पिशव्या ठेवायच्या खिडकीत बसायचं. आवाज तुमचाच राहील हो, तुम्हाला फक्त विश्रांती, असं बाई अगदी साखरेत घोळून म्हणाल्या. त्या दिवशी मामानं मिठाकडेही बघितलं नाही. खिडकीत बसवला तर हा माणूस महिन्याभरात बोलायचंच विसरेल, असं मामी मला हळूच म्हणाली.

तरी मामानं रेकॉर्डिंग इमानदारीनं केलं. पहिल्या दिवशी दहाला बारा जण हेडफोन लावून आत गेले. मी तेरावी. जिन्याच्या वळणावर आवाज म्हणाला, "इथे थांबा." थांबलो. काचांची माहिती संपली, आम्ही थांबलेलेच. आवाज मात्र स्वयंपाकघरात पोचला. "आता ही चूल बघा." बारा निळी नाकं काचेत चूल शोधू लागली. एका आजोबांनी बायकोकडे चष्मा मागितला. मागून दुसरी तुकडी आली, तीही थांबली. "पलंगावर कोणी बसू नका," आवाजानं दरडावलं, आणि पायरीवर टेकलेल्या एक काकू दचकून उठल्या.

घोटाळा असा, की मामा 'चला' कधी म्हणतच नाही. तो दोन बोटं हलवतो आणि माणसं वासरासारखी मागे येतात. बोटं काही रेकॉर्ड झाली नव्हती.

बाई धावत खिडकीशी गेल्या. मामा आला, बोटं हलवली, अख्खा जिना सुटला. बाईंनी तिथल्या तिथे तह केला: मामानं पुढे चालायचं, पण तोंड उघडायचं नाही.

दोन खोल्या मामानं कळ काढली. तिसरीत रेकॉर्डमधला मामा म्हणाला, वरची तुळई एकाच अखंड झाडाची. खऱ्या मामाचे कान लाल झाले.

"अखंड नाही हो, दोन झाडांची. सांधा इकडे आहे. यंत्रापुढे मी जरा घाबरलो होतो."

मग तो थांबेचना. आजोबांनी कानावरचा हेडफोन काढून दारातल्या बाईंच्या हातात दिला.

"हा जरा धरा. याच्यामुळे ऐकू येत नाहीये."

आमच्या तुकडीतले बाकीचे अकरा हेडफोनही बाईंच्याच गळ्यात पडले. ते तसेच गळ्यात घेऊन बाई सांधा बघायला पुढे आल्या.