नात्याचा रुपया

युगांडात पाऊस लांबला तर नांदेडात ज्याला जेवण जात नाही असा माणूस जगात एकच आहे, आणि तो नेमका माझा साडू निघाला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. सगळी नोकरी बसस्थानकावर, माईकवरून गाड्या पुकारण्यात गेली. निवृत्तीनंतरही "चहा लागलेला आहे" हे ते अशा आवाजात सांगतात की पलीकडच्या गल्लीतली माणसं उठून उभी राहावीत.

या माणसाचा जुना नेम आहे: कुणाचंही देणं पुरतं फेडायचं नाही, एक रुपया बाकी ठेवायचा. चुकवेगिरी म्हणाल तर तसं नाही. हिशेब मिटला की जाणं-येणं मिटतं, असं त्यांचं शास्त्र. न्हावी, पानवाला, दूधवाला, सगळ्यांचा रुपया त्यांच्याकडे आहे. पेट्रोल पंपावरही हे शास्त्र सांगायला गेले होते, तेव्हा मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवून ते फेटाळलं. मुलीच्या लग्नात माझ्याकडून घेतलेले पैसे त्यांनी मोजून परत केले, वर मला फेटा बांधला आणि म्हणाले, "रुपया ठिवलाय बरं का, साडू. नात्याला."

ती मुलगी आता अमेरिकेत. वडील आहेराचे शर्ट घडीसकट कपाटात ठेवतात म्हणून तिनं एका वाढदिवसाला त्यांच्या नावानं पंचवीस डॉलर एका संकेतस्थळावर भरले. तिथं गरीब देशांतल्या छोट्या धंदेवाल्यांचे फोटो असतात. आपण एकाला निवडून पैसे उसने द्यायचे, तो हप्त्यानं फेडणार. साडूंनी स्थळं बघावीत तसे फोटो पारखले. पेरू देशाची विणकरीण नापास, कंबोडियाचा सायकल दुरुस्तीवाला नापास. पसंत पडली युगांडाची एस्तर, कारण ती केळी विकते आणि साडू मूळचे केळीच्या अर्धापूरचे. "केळीवाली म्हणल्यावर ती घरचीच झाली की हो!"

झालं! त्या दिवसापासून आधी युगांडाचं हवामान, मग नांदेडचं. अर्धापुरात केळीवर करपा पडला की "तिकडं न्हाई ना पडला?" हप्ता आला की मला लातूरला फोन, "इस्तरबाईचे पैसे आले, लई सच्ची बाई!" मेहुणी मागून म्हणायची, "माझ्या गुडघ्याची इतकी चौकशी केली असती तर मी आज पळत असते." दिवाळीला फराळाचा डबा पाठवायचंही त्यांनी काढलं होतं, कुरिअरवाल्यानं भाव सांगितल्यावर तो डबा आम्ही खाल्ला.

मग हप्ते थांबले, आणि साडूंचा आवाज खाली आला. पैशाचं त्यांना काही नव्हतं. "काय करून राहिली असंल हो बाई? आजारी तर न्हाई? लहान लेकरं हायती तिला," एवढंच घोळवत बसायचे. मुलगी म्हणाली, बाबा, तिथं असं विचारायची सोय नसते. चुकलेली माणसं माईकवरून पुकारून घरच्यांच्या हवाली करण्यात ज्याची हयात गेली, त्याला हिला कुठून पुकारावं ते कळेना.

शेवटी संकेतस्थळाचा मेल आला तेव्हा मी नांदेडलाच होतो. चष्मा सापडेना म्हणून त्यांनी फोन माझ्या हातात दिला. बाईशी संपर्क तुटला आहे, उरलेली थोडी रक्कम मिळण्याची आशा नाही, खातं बंद करत आहोत, असं लिहिलं होतं. साडू माझ्या तोंडाकडे बघत होते. मी म्हणालो, "बहुतेक सगळं फेडलंय तिनं. थोडंसं बाकी आहे."

"बाकी ठिवली?" साडू ताडकन उठले. चेहरा असा उजळला की काय सांगू! "अगं ऐकलंस का? इस्तरबाईनं बाकी ठिवली! तिकडं बी कळतंय की माणसाला!"

मेहुणी हात पुसत बाहेर आली. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि तिला काय समजायचं ते समजलं. "मग शिरा करते," म्हणाली.

अजून फोनवर विचारतात, "बाईचं काही कळलं?" नाही म्हटलं की म्हणतात, "कळंल. बाकी हाय तिची." परवा मला गाडीत बसवून द्यायला आले होते. अलीकडे थकलेत. लातूरची गाडी हलली तसे खिडकीशी येऊन ओरडले, "साडू, तुमचा रुपया हाय माझ्याकडं!" सगळ्या फलाटानं वळून पाहिलं.

"असू द्या, असू द्या," मी घाईघाईनं म्हणालो. त्यांचा हात खिशाकडे जातोय की काय, या धास्तीनं माझा जीव वरखाली होत होता.