देवळाबाहेर बदललेली चप्पल

आठवीत शाळा सोडून मी यवतमाळकडून पुण्यात आलो आणि कर्वेनगरच्या एका मेसचे डबे स्कूटरवरून पोचवू लागलो. तिशीनंतर माझे हातपाय वाढायला लागले. चपलेचा नंबर बदलला, हेल्मेट बसेना, जबडा पुढे आला. मेसच्या काकू म्हणायच्या, "पुण्याचं पाणी मानवलंय तुम्हाला. पायांनासुद्धा." मी हसायचो, पण आतून घाबरलो होतो. आईला हे तोंड कसं दाखवायचं, म्हणून गावाला जाणं टाळलं. फोनवर बोलायचो, व्हिडिओ कॉल कधी लावला नाही. दर शनिवारी मारुतीपुढे एकच मागायचो, माझा जुना चेहरा परत दे. तो ऐकत नाही असंच वाटायचं.

अशाच एका शनिवारी देवळाबाहेर आलो तर चप्पल गायब. अनवाणी उभा होतो, तेवढ्यात एक गृहस्थ परत आले. "अहो, माफ करा, तुमची घालून गेलो. एवढी मोठी चप्पल दुसऱ्या कुणाची असेल असं मनातच आलं नाही." मी वर पाहिलं. तसाच जबडा, तसंच रुंद नाक. तेही माझ्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "मलाही हेच झालं होतं. बाजूनं येणारी गाडी दिसते का हो तुम्हाला?" आदल्याच दिवशी एका रिक्षाखाली येता येता वाचलो होतो, आणि ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

त्यांनीच मला डॉक्टरांकडे नेलं. मेंदूखाली वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी असते. तिच्यात गाठ होऊन वाढीचं हार्मोन जास्त सुटत होतं, आणि ती गाठ डोळ्यांच्या नसा दाबत होती, म्हणून बाजूचं दिसत नव्हतं. नाकातून ऑपरेशन करून काढली. थोडी राहिली, म्हणून महिन्याला इंजेक्शन आणि अधूनमधून रक्ताची तपासणी असते. नजर सुधारली, बोटांची सूज उतरली. "हाडं मात्र वाढली ती वाढली," डॉक्टर म्हणाले.

मग तोच चेहरा घेऊन गावी गेलो. आई ओट्यावर बसली होती. मी समोर उभा राहिलो तरी ती रस्त्याकडेच बघत होती. काचबिंदूनं तिची नजर गेली होती. मी काळजी करीन म्हणून कुणी कळवलं नव्हतं. माझ्या तोंडावरून हात फिरवत ती म्हणाली, "बापासारखा झाला रे तू. कावून रे? कावून आला नाही इतके दिवस?"

तिला दिसत होतं ती वर्षं मी तोंड लपवण्यात घालवली. त्या शनिवारी माझे डोळे ज्यानं वाचवले, त्या मारुतीपुढे आता मी काही मागत नाही. जो चेहरा आहे तो घेऊन उभा राहतो. आईच्या हाताला तो लगेच पटला. मला पटायला फार उशीर झाला, एवढंच त्याला सांगतो आणि चप्पल शोधायला बाहेर येतो.