आई सर्व्हेला येते

हडपसरच्या एका चकचकीत काचेच्या इमारतीत बसून मी अमेरिकन रुग्णांची बिलं तपासायचे. तिकडच्या कुणा म्हाताऱ्याच्या गुडघ्यात काय बसवलंय ते मला तोंडपाठ असायचं, आणि इकडे वडिलांची रक्तदाबाची गोळी सकाळची की रात्रीची, हे आईला विचारावं लागायचं. या गोष्टीची लाज वाटायला लागली तेव्हा मी शनिवार-रविवारचा एक कोर्स धरला. पदवीनंतरचा, वर्षभराचा, जागतिक आरोग्याचा.

नातेवाइकांना तो समजावणं कोर्सपेक्षा अवघड होतं. "म्हणजे डॉक्टर होणार?" नाही. "नर्स?" नाही. "मग मेडिकलचं दुकान?" मी सांगायचे, की साथ कुठून येते, लसी गावापर्यंत का पोचत नाहीत, बायका दवाखान्यात उशिरा का येतात, हे शोधायचं असतं, त्यातून संस्थांमध्ये, सरकारी योजनांमध्ये, संशोधनात कामं मिळतात. काकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "जगाचं होईल गं. माझ्या खोकल्याचं काय ते सांग." सरकारी कचेरीतून निवृत्त झालेल्या वडिलांना एवढंच हवं होतं, की ही पोस्ट क्लास वन धरायची की क्लास टू.

खरी अडचण आई होती. कोर्स संपता संपता नंदुरबारकडच्या एका संस्थेने मला नोकरी देऊ केली. कुपोषणाचं काम, गावोगाव फिरायचं, राहायचं तिथेच. मला ती नोकरी इतकी हवी होती, की मी झोपेतही जीपमध्ये बसलेली असायचे. आई म्हणाली, "एकटी मुलगी, तिकडे? अजिबात नाही." आईला न पटवता निघून जाणं माझ्याच्याने होणारं नव्हतं. शेवटी तिनेच तोडगा काढला, "तुमचं ते काम असतं तरी काय, ते एकदा डोळ्यांनी बघते. मग ठरवते."

म्हणून कोर्सच्या शेवटच्या सर्व्हेला आम्ही दोघी लोणी काळभोरला गेलो. मी जीन्स-कुर्त्यात, पाठीला सॅक. आई ठेवणीतल्या साडीत, गजरा माळून. "लोकांच्या घरी जायचं, तर नीट नको जायला?"

पहिल्या एक-दोन घरांत ती गप्प बसली. पुढच्या घरात भिंतीवर बुद्धाची तसबीर दिसली आणि ती खुलली. "आपलीच माणसं!" मी संमतीचा कागद वाचून होईपर्यंत तिने घरच्या बाईंचं माहेर, आजोळ, सगळं काढलं होतं. तो कागद तसाही इतक्या शुद्ध मराठीत होता, की ऐकणाऱ्याने मान डोलवण्यापलीकडे काही करू नये. मग मी प्रश्न सुरू केले. घरात माणसं किती? कमावतं कोण? घर स्वतःचं? संडास आत की बाहेर? कुणाला जुना आजार?

बाईंनी उत्तरं देता देता आत काहीतरी खूण केली. आतून फोडणीचा वास आला. मला वाटलं, काय हे अगत्य!

"जेवणाआधी हात साबणाने धुता का?"

"आमची पोर लई टापटीप हाय. घाण तिला खपत न्हाई."

"पाणी कोण भरतं?"

"तीच की. कामाला वाघीण हाय."

मी भराभर लिहीत होते. इतकी दिलखुलास माहिती आजवर कुणी दिली नव्हती. तेवढ्यात माझ्याहून थोडी लहान मुलगी पोह्यांचा ट्रे घेऊन आली. साडी घाईत गुंडाळलेली, चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा. मागोमाग तिचे वडील टोपी सारखी करत येऊन बसले आणि आईला म्हणाले, "मुलगा काय करतो म्हनायचा?"

माझं पेन थांबलं. आईने मात्र सावकाश घास संपवला. "मुलगा नाही हो मला. ही एकच आहे."

मुलीने हसू दाबायला पदर तोंडात कोंबला. मी घाईघाईने खुलासा करायला गेले, पण 'जागतिक'च्या पुढे मला काही सुचेना. तेव्हा आईने सूत्रं हातात घेतली. "अहो, ही आरोग्याचं शिकते. लेकरं का दगावतात, साथी का येतात, ते घरोघर फिरून शोधायचं. आता नंदुरबारला नोकरी लागलीय."

"एकलीच जानार?" बाईंनी डोळे मोठे केले. "आन् तुमी जाऊ देनार?"

आईने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग मान ताठ करून म्हणाली, "न जाऊ द्यायला काय झालं? शिकवलं ते काय घरात बसवायला?"

मी पोह्यांवर लक्ष केंद्रित केलं. वर बघितलं असतं तर रडले असते. निघताना त्या मुलीने मला दारापाशी गाठलं आणि या कोर्सला बी.एससी. चालतं का, ते हळूच विचारून घेतलं.

परतीच्या बसमध्ये मी म्हटलं, "आई, खरंच जाऊ?"

"आता बोलून बसले ना. शब्द फिरवला तर त्या बाई काय म्हणतील?"

त्या बाई पुन्हा भेटण्याचं काही कारण नव्हतं.

थोड्या वेळाने खिडकीबाहेर बघत आई म्हणाली, "तुझे प्रश्न चांगले आहेत. मला बघायला आले, तेव्हा स्वयंपाक येतो का, शिवण येतं का, सगळं विचारलं त्यांनी. पाणी कुठून भरावं लागेल, हे आमच्याकडून कुणी विचारलंच नाही."

"कुठून भरायचीस?"

"टेकडी उतरून जायचं," ती म्हणाली, "आणि भरला हंडा घेऊन चढायची. तू पोटात होतीस, तेव्हासुद्धा."