दातांच्या डॉक्टरीणबाई

माझ्याकडे येणारी निम्मी माणसं घरी काहीतरी थाप मारून येतात. कुणी बँकेत जातो म्हणून सांगतं, कुणी मैत्रिणीकडे. नाशिकला गंगापूर रोडच्या एका आडगल्लीत पहिल्या मजल्यावर माझी खोली आहे. दोन खुर्च्या, पाण्याचा तांब्या, दाराला जाड पडदा. मी गोळ्या देणारी डॉक्टर नाही. मी समुपदेशन करते. म्हणजे माणसाचं ऐकून घेते आणि गुंता सुटायला मदत करते. जिन्याखाली केशकर्तनालय आहे, त्यामुळे वर जाणाऱ्याला कुणी पाहिलं तरी संशय येत नाही. ही जागा घेताना मी हा फायदा मुद्दाम हेरला होता.

नांदगावची एक सून दर पंधरवड्याला रेल्वेने यायची. तिशीच्या आतली, बाजारपेठेत सासरचं कापडाचं दुकान. दुकानात गर्दी झाली की तिची छाती धडधडायची, हातपाय गार पडायचे, आता आपण मरणार असं वाटायचं. हृदयाच्या सगळ्या तपासण्या झाल्या, काही निघालं नाही. "मनाचं असेल," असं तिथल्या डॉक्टरांनी म्हटल्यावर घरात कुणीतरी हसलं, म्हणून तिने तो विषयच मिटवला आणि दाढेचं दुखणं काढलं. दातांच्या डॉक्टरकडे खेपा माराव्या लागतात, हे सगळ्यांना पटतं.

मग टाळेबंदी आली. रेल्वे थांबली, माझ्या खोलीला कुलूप लागलं.

फोनवर हे काम होईल यावर माझा विश्वास नव्हता. समोरचा माणूस गप्प झाला की त्याच्या हातांकडे बघायचं असतं, पायाचा अंगठा काय करतोय ते बघायचं असतं. फोनवर तो गप्प झाला की वाटतं, रेंज गेली. पण पहिल्याच आठवड्यात फोन सुरू झाले. जुने तर होतेच, नवेही होते. ओझरच्या कारखान्यातले एक गृहस्थ दिवसभर हात धुवायचे आणि मधल्या वेळात मला फोन करायचे. ज्यांना गोळ्यांची गरज वाटली त्यांना मी ओळखीच्या मनोविकारतज्ज्ञांचा नंबर दिला. तेही घरातूनच फोनवर रुग्ण बघत होते.

आता प्रश्न माझ्या जागेचा होता. आमचा फ्लॅट दोन खोल्यांचा. हॉलमध्ये नवऱ्याचं ऑफिस, आतल्या खोलीत मुलीची शाळा. शेवटी मी इमारतीखाली उभ्या असलेल्या आमच्या गाडीत जाऊन बसू लागले. काचा वर, मांडीवर पाण्याची बाटली. चार दिवसांनी वरच्या मजल्यावरच्या काकूंनी नवऱ्याला जिन्यात गाठलं. "वहिनी रोज गाडीत बसून रडतात का हो? काही झालंय का तुमच्यात?" नवरा वर येऊन इतका हसला की मुलीच्या ऑनलाइन वर्गातल्या बाई शिकवायच्या थांबल्या.

नांदगावहून एक दिवस मिस्ड कॉल आला. मी उलट फोन लावला.

"मॅडम, मी गच्चीवर आहे," ती कुजबुजली. "कुरडया वाळत घातल्यात. कबुतरं हाकलायला मला बसवलंय. तासभर कुणी वर येणार नाही."

सगळं घर घरातच होतं. आतून कडी लागेल असं दार फक्त न्हाणीघराला, आणि तिथे जरा वेळ लागला की बाहेरून हाका. गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे सावलीचा एक तुकडा होता, तिथे ती फोन घेऊन बसायची. दुकान बंद होतं, म्हणजे गर्दी नव्हती. तरी धडधड वाढली होती. बातम्या लागल्या की सुरू व्हायची. मी तिला सांगे, "श्वास हळूहळू सोड. आता काय काय दिसतंय ते सांग." ती सांगायची, "टाकी. कुरडया. समोरच्या गच्चीवर निळा ड्रम. एक कबुतर, मेलं इकडेच बघतंय." आणि हसायची. माझ्या खोलीत ती कधी अशी हसली नव्हती. तिच्या स्वतःच्या गच्चीवर, उघड्या आभाळाखाली ती जास्त मोकळी होती. ज्याला मी अडचण समजत होते, त्यात तिची सोय झाली होती.

एका सकाळी तिच्याच नंबरवरून फोन आला. आवाज मात्र दुसरा होता, जाड आणि वयस्कर.

"तुम्हीच का दातांच्या डॉक्टरीणबाई?"

खोटं बोलता येईना, आणि खरं सांगायचा मला अधिकार नव्हता. मी म्हटलं, "मावशी, या फोनवर मी कुणाशी काय बोलते ते मला कुणालाच सांगता येत नाही. तुम्हालाही नाही."

"नका सांगू. मला समदं ठाऊक हाय. दाढ दुखणारी बाई नाशकाहून येताना पेरू खात येती का? पिशवीत अर्धा खाल्लेला पेरू व्हता."

"मग तुम्ही काही बोलला नाहीत?"

"कशाला बोलू? येताना तोंडावर हसू असायचं. जाती तर जाऊ दे म्हटलं." ती थांबली. आता मी गप्प बसायला शिकले होते. रेंज गेली का, असं विचारलं नाही. मग ती म्हणाली, "तिचं नाय विचारत मी. माझं विचारायचंय."

तिची धाकटी बहीण चाळीसगावला होती. करोनात गेली. शेवटचं तोंडही बघायला मिळालं नाही. "काम करता करता तिची हाक येती, बाई. मी वळून बघते. मी येडी तर नाय ना झाले?"

"नाही हो मावशी. जिवाभावाचं माणूस असं अचानक गेलं की पुष्कळांना असं होतं. पण मनात ठेवू नका. यावर बोलायला हवं."

"मग बोलते की तुमच्याशी."

इथे मला अडवावं लागलं. एका घरातल्या दोघी माझ्याशी बोलू लागल्या, तर एकीचं दुसरीला कळतंय की काय अशी शंका कधी ना कधी येणारच. मी तिला तसं सांगितलं, आणि माझ्याहून अनुभवी अशा एका मैत्रिणीचं नाव सुचवलं. मला वाटलं, रागावेल.

"बरोबर हाय तुमचं," ती म्हणाली. "जावाजावांना एका वक्ताला लुगडी दाखवू नये. दोघी बी न घेता जात्यात."

मग तिने गच्चीच्या दारात उभ्या असलेल्या सुनेला हाक मारून फोन तिच्या हातात दिला. सून म्हणाली, "मॅडम, आई इथेच बसल्यात. कबुतरं हाकलतायत." ती रडत होती, पण ते रडणं मोकळं होतं.

त्यानंतर त्या घरात गच्चीच्या पाळ्या लागल्या. सून माझ्याशी बोलायची तेव्हा सासू जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून वर येणाऱ्याला परतवायची. सासू माझ्या मैत्रिणीशी बोलायची तेव्हा सून. पुढे सुनेने नवऱ्याला स्वतःच सगळं सांगितलं. तो एवढंच म्हणाला, "मला आधी सांगायचं ना. मी आणून सोडलं असतं." त्या उन्हाळ्यात त्यांच्याकडे इतक्या कुरडया झाल्या की शेजारीपाजारी वाटून संपेनात.

गाड्या सुरू झाल्यावर दोघी मिळून नाशिकला आल्या. सासू माझ्या मैत्रिणीकडे गेली, सून माझ्याकडे. मास्क लावून आम्ही खिडक्या उघड्या टाकून बसलो. पहिली काही मिनिटं आम्हा दोघींनाही अवघडल्यासारखं झालं. इतके दिवस नुसता आवाज येत होता, आता डोळे दिसत होते.

त्यानंतर वर्षभर ती येत राहिली, कधी खोलीत, कधी फोनवर. धडधड पूर्ण गेली असं नाही, पण आली की तिला आता तिची भीती वाटत नाही. मध्यंतरी आठवडे बाजाराच्या दिवशी, लग्नसराईच्या गर्दीत, तिने दुकानाचा गल्ला एकटीने सांभाळला. शेवटच्या भेटीत तिने विचारलं, "आता यायला नको ना मी?"

"वाटलं तर ये. नाहीतर नको."

"मग नाही येत," ती म्हणाली आणि संकोचून माझ्याकडे बघत राहिली, मला वाईट वाटेल की काय म्हणून. मला अजिबात वाईट वाटलं नाही.

आठवड्यातले दोन दिवस मी अजूनही फोनसाठी ठेवले आहेत. पावसाळ्यात इगतपुरीचे एक शिक्षक मला शेताच्या बांधावरून फोन करतात. छत्रीवर पावसाचा इतका आवाज होतो की आम्हाला दोघांनाही ओरडून बोलावं लागतं. मनातलं इतक्या मोठ्याने सांगायचं म्हणजे कसं, असं ते सुरुवातीला म्हणायचे. आता ते खुशाल ओरडतात.