आमच्याकडचा नवरदेव

फेब्रुवारी लागला की आमच्याकडे रोज सकाळी वरात निघते. बँड नाही, वऱ्हाडी नाहीत. पुढे घोडे सांभाळणारा साईस, आणि त्याच्या हातातल्या दोरीला एक तांबूस, आखूड मानेचं तट्टू. घोड्यांच्या कुंपणाकडेनं त्याला एकेका घोडीपाशी नेऊन उभं करायचं. घोडी माजावर असेल तर शेपटी बाजूला घेऊन फळ्यांना टेकते. नसेल तर किंचाळून अशी लाथ झाडते की फळी कडाडते. घोडी तयार आहे एवढं कळलं की तट्टू मागे वळवायचं आणि नेऊन बांधायचं. मग आतून बाहेर येतो तो खरा घोडा, परदेशी रक्ताचा, उंच, तुकतुकीत. त्याच्या शिंगरांसाठी पुण्या-मुंबईचे रायडिंग क्लब आमच्या दारी येतात. त्याला लाथ बसून चालत नाही, म्हणून लाथा खायला हे तट्टू.

पुस्तकात अशा घोड्याला 'टीझर' म्हणतात. माथेरानच्या एका घोडेवाल्याकडून हे आणलं, तेव्हा आमच्या मोठ्या साईसानं त्याचं नाव ठेवलं नवरदेव. "बाई, रोज मुंडावळ्या बांधायच्या नि रोज बोहल्यावरनं उठवायचं. दुसरं काय म्हणायचं याला?" हा मोठा साईस नेरळकडचा, माझ्या नवऱ्याच्या वेळेपासून आमच्याकडे. नाव असं चिकटलं की मीसुद्धा औषधवाल्याला फोनवर सांगते, नवरदेवाला जंताचं औषध पाठवा. तो फिदीफिदी हसतो. हसू दे मेल्याला.

नवरा घोड्यांत रमला आणि मी घोड्यांत अडकले. तो गेला, घोडे राहिले. खालापुरात घोड्यांचा रँच आहे म्हटलं की लोकांना वाटतं, बाई टोपी घालून संध्याकाळी रपेट करत असतील. रपेट कसली डोंबलाची! लीद, दाणा, नाल ठोकणाऱ्याची वाट बघणं. एकाचं पोट फुगलंय, दुसऱ्याच्या खुरात काच गेलीय, एप्रिल आला की विहीर तळाला. शनिवारी शेजारच्या फार्महाऊसवर डीजे लागतो आणि सगळा तबेला थरथरत उभा असतो. रविवारी तीच मंडळी डोळे चोळत फाटकाशी येतात, "आंटी, घोड्यावर बसायला मिळेल का?" नाही मिळणार. माझी कंबर गेली, गुडघे गेले, आणि गोड बोलायची सवय तर केव्हाच गेली.

मी सांगतेय त्या वर्षी माझा जीव एका घोडीत अडकला होता. आमच्या तबेल्याचं जे काही नाव झालं ते तिच्यामुळे. काळपट, लांब पायांची. तरुणपणी उड्यांच्या स्पर्धेत तिनं भल्याभल्यांना पाणी पाजलं, आणि पुढे तिची शिंगरंही तशीच निघाली. पण वय झालं. दोन वर्षं पोटात काही राहिलं नव्हतं. त्यातून आमचा मोठा घोडा तिला डोळ्यांसमोर नको असायचा. पाय बांधा, ओठाला फास लावा, चार माणसं धरा, तेव्हा कुठे ती उभी राहायची. नवरदेव जवळ आला की मात्र कान सैल सोडून गप. मुलगी म्हणायची, "हिची आवड तरी बघ, आई!"

ही माझी मुलगी माझ्याबरोबर सगळं सांभाळते. गिऱ्हाईकं तिच्याकडे, स्पर्धा तिच्याकडे. तिनं मोसमाच्या सुरुवातीलाच सांगून टाकलं, "या वर्षी राहिलं नाही तर तिला द्यायचं. भाकड घोडी किती वर्षं पोसायची? गाभण राहिली तर राहू दे इथेच, मी एक शब्द बोलणार नाही." घ्यायला माणूस तयार होता. खोपोलीकडे लग्नाच्या वरातींना घोड्या पुरवणारा. लांबच्या डीजेनं घाम फुटणारी आमची घोडी, तिला झूल घालून हा फटाक्यांत नाचवणार! मला अन्न गोड लागेना. पण मुलीचं चूक होतं असं कुठल्या तोंडानं म्हणू? घोडी गाभण राहिली तर राहील, नाही तर जाईल, एवढंच उरलं होतं.

मार्च सरत आला तरी तिचा माज दिसेना. पुण्याहून आठवड्याला एकदा डॉक्टर यायचे, तपासायचे आणि मान हलवायचे. आणि ती तयार झाली नेमकी त्या दिवशी, जेव्हा जागेवर कोणी नाही. मुलगी घोडे घेऊन मुंबईला स्पर्धेला. मोठा साईस भाचीच्या लग्नाला नेरळला. नवरीचा मामाच तो, त्याला अडवायचं कसं? मी टेंपो घेऊन साजगावला, खोकी बनवणाऱ्या एका कारखान्यातून लाकडाचा भुसा आणायला, कारण तबेल्यात अंथरायला तो लागतोच. मागे उरला म्हातारा वॉचमन, आणि ठाकुरवाडीकडून गवत कापायला आलेला, पुढे आम्ही साईस म्हणून ठेवून घेतलेला एक गडी. चांगला बायकापोरांचा माणूस, कमी बोलणारा, जनावराला शिव्या न देणारा. मला आवडला होता तो.

सकाळच्या वरातीत त्यानं पाहिलं, घोडी शेपटी बाजूला घेऊन उभी आहे. त्यानं मला फोन लावला. करवतीच्या घरघरीत मला तो ऐकूच आला नाही. मग त्यानं मोठ्या साईसाला लावला. तिकडे मांडवात सनईची टेप, आणि माइकवरून एकसारखा पुकारा, "मुहूर्त टळतोय, नवरदेवाला घेऊन या, नवरदेवाला घेऊन या." मामानं एका कानात बोट घालून ऐकलं आणि सांगितलं, "तयार हाय तर थांबू नको रं. नवरदेवाला घेऊन जा नि उरकून टाक."

त्याच्या मनात होता मोठा घोडा. तोंडातून मात्र मांडवातलाच शब्द निघाला. आणि आमच्याकडे नवरदेव कोणाला म्हणतात, हे त्या गड्याला आम्हीच पहिल्या दिवशी हसत हसत शिकवलं होतं.

दुपारी मी परतले तर गडी फाटकातच उभा, चेहरा फुललेला.

"बाई, काम झालं."

"कसलं रे?"

"घोडीचं लगीन लागलं. पाय बांदला नाय, फास नाय, कायच नाय. गप उभी ऱ्हायली."

मला आनंदच झाला. "अरे वा! पण एवढ्या मोठ्या घोड्याला एकट्यानं धरलंस कसं?"

"मोठा कुठला, बाई? उंची कमी पडत व्हती, म्हून तर घोडीला चरात उभी केली."

"कोणाला धरलंस तू?"

"नवरदेवाला," तो म्हणाला. "मोठे साईसच बोलले, घेऊन जा म्हून."

मी भुशाच्या गोणीवर मटकन बसले. रागवायचं कोणावर? त्यानं सांगितलं तेच केलं होतं, आणि वर डोकं चालवून नीट केलं होतं. "कर्म माझं!" म्हणून मी कपाळावर हात मारला, आणि मला हसू फुटलं. ते काही केल्या थांबेना. गडी घाबरून पाण्याचा तांब्या घेऊन आला.

दुसऱ्या दिवशी मोठा घोडा पुढे केला तर घोडीचा माज उतरलेला. तिनं एक फळी फोडली आणि विषय संपवला. मोठा साईस लग्नाहून आला तो कान धरूनच. "बाई, माजी चूक हाय. सकाळपासनं त्या मांडवात दुसरा शब्दच नव्हता वो." मुलगी आली ती तणतणतच, पण तणतणून तणतणून तीही थकली. म्हणाली, "जाऊ दे. एवढ्या मोठ्या घोड्याचं राहिलं नाही, तिथं तट्टाचं काय राहणार?"

राहिलं.

महिनाभरानं डॉक्टरांनी सोनोग्राफीच्या मशीनचा पडदा माझ्याकडे वळवला. काळ्या ठिपक्यात काहीतरी बारीक फडफडत होतं. "अभिनंदन, बाई!" ते म्हणाले. त्यांना बिचाऱ्यांना काही ठाऊक नव्हतं. मुलीनं सगळं सांगितल्यावर त्यांनी हातमोजे काढले आणि जरा वेळ घोडीची पाठ थोपटत राहिले. मग म्हणाले, "इंजेक्शन आहे. आत्ता दिलं तर पडून जाईल. मोसम अजून थोडा आहे, पुन्हा घोडा दाखवता येईल."

"पुन्हा राहील?" मी विचारलं.

"या वयात कसं सांगू? नाहीही राहणार."

"द्या इंजेक्शन," मुलगी म्हणाली. "आई, वर्षभर पोसून हातात काय येणार? तट्टू. या घोडीच्या पोटचं तट्टू! लोक तोंडात बोटं घालतील."

"घालू देत. तू म्हणाली होतीस, गाभण राहिली तर एक शब्द बोलणार नाहीस."

"मी हे म्हटलं होतं का?"

"हेच म्हटलं होतंस. कोणापासून ते म्हणाली नव्हतीस."

"तू दमलीस, आई. दमलीस म्हणून असं बोलतेयस."

"हो, दमलेय," मी म्हटलं. "हिचं त्याच्याशी लावा, त्याचं हिच्याशी नको, हेच करण्यात जन्म गेला माझा. त्या घोडीचे पाय बांधून बांधून आपण तिच्याकडून पोरं घेतली. हे एक ती आपल्या मनानं उभी राहिली. राहू दे ते."

मुलगी निघून गेली. डॉक्टरांनी बाटली पेटीत परत ठेवली. घोडी राहिली.

बिनसलं ते नवरदेवाचं. इतकी वर्षं मुकाट्यानं येणारा आणि मुकाट्यानं जाणारा प्राणी, पण आता कुंपण दिसलं की मागच्या पायांवर उभा राहायचा. वळवायला गेलं की दोरी तोडायचा. त्या घोडीचा वास आला की खिंकाळून तबेला डोक्यावर घ्यायचा. एका सकाळी त्यानं मोठ्या साईसाचा खांदाच दातांत धरला. खोपोलीला नेऊन टाके घालावे लागले. परत आल्यावर साईस ओट्यावर बसला, दुसऱ्या हातानं चहा पीत म्हणाला, "बाई, आता हा ऐकायचा नाय. एकदा गोडी कळली त्याला. खच्ची करा, नायतर विका."

मला संताप आला. इतकी वर्षं लाथा खाल्ल्या तेव्हा शहाणा होता. एकदा काही मिळालं तर लगेच वेडा ठरला! पण संताप करून काय उपयोग, खांद्याचे टाके माझ्यासमोर होते. विकला तर कोण घेईल, कसा ठेवील, देव जाणे. मी खच्ची करा म्हटलं. ज्या डॉक्टरांनी तो ठिपका दाखवला त्यांनीच ते आंब्याखाली केलं. मी गेले नाही. स्वयंपाकघरात उभी राहिले, चहा उतू गेला, तो पुसत राहिले. फार वाईट वाटलं मला. घोड्यांच्या धंद्यात असं वाटून घेऊ नये म्हणतात, पण वाटलं.

जखम भरली आणि नवरदेव थंड झाला. वरातीला दुसरं तट्टू आलं. घोड्या आता याच्याकडे मान वळवूनही बघेनात. पावसाच्या तोंडावर गाभण घोडीला खालच्या रानात वेगळं ठेवलं, तिथे ती एकटी बावरायची, म्हणून सोबतीला याला सोडला. पावसाळाभर दोघं एका पत्र्याखाली, पावसाकडे पाठ करून. त्यांच्यात काय बोलणं होत असेल ते त्यांनाच माहीत.

पुढच्या वर्षी फेब्रुवारी संपता संपता घोडी व्याली. मादी झाली, शिंगी. उजाडल्यावर आम्ही पोचलो तर ती उभीसुद्धा राहिलेली. रंग तांबूस, मान बापाची आखूड, पाय आईचे, त्या अंगाला न शोभणारे लांब. मुलगी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "कुठल्याही कामाची नाही ही." आणि मग खाली बसून अर्धी सकाळ तिला गोणपाटानं पुसत राहिली.

सुरुवातीला नवरदेवाला कुंपणापलीकडे ठेवलं होतं. खच्ची असला तरी नर तो, शिंगराला चावला तर? महिनाभरानं मोठा साईस म्हणाला, "सोडून बघू काय, बाई?" म्हटलं, सोड. घोडीनं त्याचं नाक हुंगलं आणि चरायला लागली. त्याच दुपारी उन्हानं घोडी उभ्या उभ्या पेंगत होती. शिंगी झोपेतून उठली, भुकेली, डोळे अर्धे मिटलेले, आणि समोर जे पोट दिसलं तिकडे गेली. ते नवरदेवाचं होतं. त्याच्या मागच्या पायांमध्ये तोंड घालून ती आचळ शोधायला लागली. तिथे व्रण होता, दुसरं काय असणार? दूध येईना म्हणून ती ढुशा द्यायला लागली, चांगल्या जोरात, शिंगरं देतात तशा. साईसानं फाटकाची कडी काढली. "लाथ मारंल, बाई. ओढून आणतो तिला."

"थांब जरा," मी म्हटलं.

नवरदेवानं मान वळवून मागे पाहिलं. मग मागचा एक पाय जरा बाजूला घेतला, दूध पाजणारी घोडी घेते तसा, आणि तसाच उभा राहिला. भर दुपारी, साईसासमोर, मला रडू फुटलं. शिंगी शोधत होती, ढुशा देत होती, आणि तो हलत नव्हता.